प्लेगचा प्रवास



ज्या घरांत जुनी कुळवही, जन्मटिपणे किंवा पणजोबांच्या हातची रोजकीर्द अजून जपून ठेवलेली असेल, त्यांनी ती एकदा काढून पाहावी. इसवी सन १८९७ पासून पुढल्या वीसएक वर्षांच्या पानांत कोठे तरी 'गाठीने वारला' किंवा 'गाठ येऊन देवाज्ञा झाली' अशी त्रोटक नोंद आढळण्याचा पुष्कळच संभव आहे. वैद्यमंडळी ह्या रोगास ग्रंथिक सन्निपात म्हणत, सरकार प्लेग म्हणे, आणि घरोघरच्या बायकामाणसांना 'गाठ' हा एकच शब्द पुरेसा होता. त्या गाठीविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे. संसर्गजन्य रोग उत्पन्न कसा होतो, एकापासून दुसऱ्यास पोचतो कसा, आणि आपले शरीर त्याच्याशी झुंजते कसे, हे तीनही प्रश्न ह्या एका रोगाच्या हकीकतीत जितके स्पष्ट दिसतात तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असतील. शिवाय ही हकीकत परकी नव्हे. तिची पुष्कळशी प्रकरणे मुंबई, पुणे आणि आपला हा दक्षिण महाराष्ट्र येथेच घडली आहेत.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्या गोवेकर वैद्याला काही रोगी निराळेच वाटले. कडक ताप, भ्रम, आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ. हा प्लेग आहे असे त्यांनी उघड सांगितले, तेव्हा पुष्कळांनी त्यांस वेड्यात काढले. परंतु मांडवी म्हणजे बंदरालगतची धान्याच्या वखारींची वस्ती, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगच्या साथीत अलेक्सांद्र येर्सिन ह्याने प्लेगचा जंतू प्रथम ओळखला होता. पूर्वेकडची गलबते मुंबईस येतच होती. मुंबईतून भयाभीत झालेली माणसे आगगाडीने देशावर व कोकणात पांगली, आणि वर्ष उलटण्यापूर्वी पुण्यात हाहाकार उडाला.

कोल्हापूर ह्यातून सुटणे शक्य नव्हते. मिरजेपासून कोल्हापूरपर्यंतचा लोहमार्ग १८९१ साली सुरू झालेला होता. ज्या वाटेने गूळ बाहेर जाई त्याच वाटेने बाहेरचे धान्य आत येई. शाहू छत्रपतींनी राज्याचा कारभार हाती घेऊन जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती. १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ प्लेग अशी दोन संकटे तरुण राजापुढे उभी ठाकली. १९०१ च्या खानेसुमारीत करवीर संस्थानची लोकसंख्या ९ लाख १० हजार भरली. दहा वर्षांत ती वाढावयाची, ती उलट किंचित घटलीच होती. ह्यात दुष्काळाचे माप किती व गाठीचे किती, हे त्या आकड्यांवरून निवडून काढता येत नाही. परंतु गावेच्या गावे ओस पडून माळावर खोपटी उभी राहत, कुत्री तेवढी गल्ल्यांतून हिंडत, हे वर्णन ह्या भागातल्या वृद्धांच्या तोंडून मागच्या पिढीपर्यंत ऐकावयास मिळत असे.

रोगाने लहानथोर पाहिले नाही. पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. भगूर येथे १८९९ साली विनायकराव सावरकरांचे वडील दामोदरपंत गेले. लोकमान्य टिळकांचे थोरले चिरंजीव विश्वनाथ १९०३ साली ह्याच रोगाने गेले. हिंदुस्थानात एकट्या १९०७ सालात १३ लाखांवर माणसे प्लेगने मेली, आणि सारी वर्षे जमेस धरली तर हा आकडा १ कोटीच्या वर जातो.

सरकारने काय केले, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. (हाच कायदा सव्वाशे वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये, महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला, हे आपणांस स्मरत असेलच.) पुण्यात रँड ह्या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे शिपाई घरोघर शिरले, देवघरे व माजघरे धुंडाळली गेली, रोगी इस्पितळात आणि त्यांचे आप्त छावणीत नेले गेले, अंथरुणे-पांघरुणे जाळली, भिंतींवर औषधी पाणी मारले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या अंमलाच्या क्रौर्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. त्याच्या अज्ञानाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. रोग माणसात आहे, माणसाच्या श्वासात, घामात, त्याच्या घरच्या घाणीत आहे, असे समजून ही सारी यंत्रणा चालली होती. रोग वस्तुतः आढ्यावर व कणगीखाली होता. शिपाई माणसे मोजीत होते आणि उंदीर शेजारच्या घरी जात होते. गटारे जोराने धुवून काढली की त्यांतले उंदीर बिळे सोडून चोहोकडे पळत, म्हणजे स्वच्छतेच्या त्या मोहिमेने कित्येक ठिकाणी रोगाला नवी घरे दाखवून दिली असतील. आणि सक्तीचा सर्वांत मोठा तोटा असा की लोक रोगी लपवू लागले. लपविलेल्या रोग्यास उपचारही नाही आणि त्याची गणतीही नाही.

ह्याच वेळी खेड्यातला अडाणी समजला जाणारा कुणबी काय करीत होता? 'उंदीर पडू लागले' असे शब्द कानावर येताच तो घर सोडीत होता. धान्याच्या कणगीजवळ, ओटीवर, भर दिवसा एखादा उंदीर झोकांड्या खात बाहेर येई आणि तेथेच मरून पडे. एक पडला, दोन पडले, की पाटील दवंडी पिटवी आणि गाव रानात राहावयास जाई. का, हे त्यास सांगता आले नसते. कोणी म्हणे मरीआईचा कोप, कोणी म्हणे जमिनीतून विषारी वाफ निघते व ती प्रथम बिळातल्या प्राण्यास बाधते. कारण चुकीचे, परंतु उपाय अचूक, अशी ही मोठी विलक्षण स्थिती होती. आपल्या जुन्या चालीरीतींत सर्वच शास्त्रीय आहे असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण ह्या एका बाबतीत गावकरी सरकारी डॉक्टरांच्या दहा वर्षे पुढे होता, हे कबूल करावयास हवे.

त्या उपायामागचे कारण सापडले ते कराचीत. पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर प्लेगच्या रोग्यांच्या पायांवर बारीक फोड पाहत असे, आणि ते पिसवांच्या दंशासारखे दिसत. २ जून १८९८ रोजी त्याने एका काचेच्या बरणीत पिसवांनी भरलेला रोगी उंदीर ठेवला. तो मरू घातल्यावर शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर असा ठेवला की दोघांचा स्पर्श होऊ नये, मात्र पिसूने उडी मारली तर ती पोचावी. रोगी उंदीर मेला. त्याचे शरीर थंड पडू लागले, तशा पिसवा ऊब शोधीत दुसऱ्या उंदराकडे गेल्या. काही दिवसांनी तोही प्लेगने मेला. इतका सोपा प्रयोग! तरी तत्कालीन प्लेग कमिशनने त्याची फारशी पत्रास ठेवली नाही, आणि सिमाँचे म्हणणे मान्य व्हावयास आणखी आठ-दहा वर्षे व लक्षावधी प्राण खर्ची पडले.

ते मान्य करविले मुंबईने. डॉक्टर ग्लेन लिस्टन ह्यांनी ज्या घरांत उंदीर पडले होते तेथे गिनीपिग मोकळे सोडून पाहिले. उंदीर नाहीसे झाल्यामुळे उपाशी असलेल्या पिसवा त्या बिचाऱ्यांच्या अंगावर गोळा झाल्या, व त्यांना प्लेग झाला. १९०४ साली त्यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे हे सारे मांडले. पुढे १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत नव्या कमिशनने मुद्दाम खोल्या बांधून प्रयोग केले. पिसवा असलेल्या खोलीत जमिनीवर ठेवलेला गिनीपिग मरे. पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेला वाचे. हवा तीच, घाण तीच, फरक काय तो उडीच्या पल्ल्याचा. वाफेच्या व दुर्गंधीच्या साऱ्या कल्पना येथे संपल्या.

आता कुणब्याच्या उपायाचा अर्थ लागतो. उंदीर मेला की तीन-चार दिवस त्याच्या पिसवा उपाशी राहतात. दुसरा उंदीर मिळेनासा झाला म्हणजे त्या नाइलाजाने माणसाकडे वळतात, कारण माणसाचे रक्त ही त्यांची आवड नव्हे. दंशानंतर रोग प्रकट होण्यास आणखी दोन ते सहा दिवस लागतात. म्हणजे पहिला उंदीर पडल्यापासून घरातला पहिला माणूस आडवा होईपर्यंत दहा-पंधरा दिवसांची मुदत मिळते. ह्या मुदतीत घर सोडले तर पिसवा मागे राहतात आणि उपासाने मरतात. एक दोष मात्र राही. लोक जाताना गोधड्या व धान्याची पोती बरोबर नेत, आणि शेजारगावच्या पाहुण्याकडे आश्रयास जात. गोधडीतून पिसू जाई व पोत्यातून उंदीर. रोगाचा मुक्काम तेवढा बदले.

पिसूच्या पोटात काय घडते, हे १९१४ साली लंडनच्या लिस्टर संस्थेतील बॅकॉट व मार्टिन ह्यांनी शोधून काढले, आणि ते ऐकण्यासारखे आहे. रोगी उंदराचे रक्त प्यालेल्या पिसूच्या जठराच्या तोंडाशी जंतू वाढून त्यांचा चिकट गोळा बनतो, व वाट बुजते. पिसू रक्त ओढते, परंतु ते पोटात उतरत नाही. गोळ्याला थडकून, जंतू घेऊन, जखमेतच परत येते. भूक भागत नाही म्हणून ती वेड्यासारखी पुनःपुन्हा चावत सुटते, आणि दर दंशाबरोबर विष पेरते. जंतूने आपल्या वाहनाचीच उपासमार करून त्याला राबविले आहे! कडक उन्हाळ्यात हा गोळा नीट जमत नाही, आणि कोरड्या उष्म्यात पिसूचे आयुष्यही फार थोडे असते. देशावर चैत्र-वैशाखात साथ ओसरे, व लोक 'उन्हाने विष जळाले' म्हणत, त्यातले तथ्य एवढे आहे.

येथवर रोगाची बाहेरची वाट झाली. आता आपण शरीराच्या आत जाऊ.

पायाला ठेच लागून ती चिघळली म्हणजे जांघेत अवधाण येते, हा अनुभव आपणांपैकी बहुतेकांस असेल. ते अवधाण म्हणजे काय? आपल्या सर्व शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज लसिकेच्या बारीक वाहिन्यांचे एक जाळे आहे, आणि जांघ, काख, मान अशा नाक्यांवर त्या वाहिन्यांवर छोट्या ग्रंथी बसविलेल्या आहेत. जुन्या शहरांच्या वेशीवर जशा चौक्या असत तशाच ह्या. पायातून शिरलेला परका जीव लसिकेबरोबर वाहत प्रथम जांघेच्या चौकीत येतो. तेथे पांढऱ्या पेशींची शिबंदी त्यास अडविते. झटापट होते, कुमक येते, आणि चौकी सुजते. पिसू बहुधा पायाला चावते म्हणून प्लेगची गाठ बहुधा जांघेत. निजलेल्या लहान मुलाच्या हाताला किंवा मानेला चावली तर ती काखेत अथवा गळ्याशी येते.

ह्या पांढऱ्या पेशी परक्या जंतूस चक्क गिळतात, ही गोष्ट प्रथम पाहिली ती इल्या मेच्निकोव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली सिसिली बेटावर त्याने समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक पिलात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! मग साध्या अवधाणात जी शिबंदी विजयी होते, ती प्लेगपुढे हरते का?

ह्याचे उत्तर अलीकडच्या काही दशकांत हाती आले आहे. प्लेगचा जंतू पिसूच्या अंगात असतो तेव्हा सभोवतालच्या हवेइतक्या, म्हणजे सुमारे २६ अंशांच्या उबेत असतो. तेथे त्यास कवच नसते. अशा नागव्या स्थितीत तो आपल्या कातडीखाली येतो, आणि पुष्कळसे जंतू पांढऱ्या पेशींच्या भक्ष्यस्थानी पडतातही. परंतु त्या पेशींतील एका जातीच्या पोटात गेलेले काही जंतू मरत नाहीत. तेथे त्यांना ३७ अंशांची ऊब लागते, आणि तीच त्यांस आपण कोठे आलो आहोत हे सांगते. ते अंगावर एक बुळबुळीत कवच चढवितात, म्हणजे पुढच्या भक्षकाची पकड त्यांवर बसत नाही. सुईसारखी एक सूक्ष्म नळी ते तयार करतात आणि जवळ येणाऱ्या पेशीत तिच्यातून असे पदार्थ टोचतात की तिचे हातपायच लुळे पडावे. शिवाय त्यांच्या बाह्यांगावरील ज्या खुणेवरून पहारेकरी शत्रू ओळखतात ती खूणही ह्या उबेत पालटते. चौकीत दंगा माजून गेला तरी राजधानीस वर्दी पोचत नाही! वर्दी पोचते तेव्हा जंतू अगणित झालेले असतात. मग ते रक्तात उतरतात. औषध नव्हते त्या काळी गाठ आलेल्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावत.

रक्तातून जंतू फुप्फुसात गेले की रोगाचे स्वरूपच बदलते. आता पिसूची गरज उरत नाही. रोग्याच्या खोकल्यातून उडणारे तुषार जवळच्या माणसाच्या नाकातोंडात गेले की पुरे. माणसाने माणसास देण्याचा प्लेग हाच काय तो, आणि उपचार वेळेवर न झाल्यास त्यातून सहसा कोणी वाचत नाही. रोग्यापासून अंतर राखणे, तोंडावर फडके बांधणे हे उपाय ह्या प्रकाराला लागू पडतात, गाठीच्या प्लेगला नाहीत. रोग एकच, जंतू एकच, परंतु वाट पालटली की बंदोबस्त पालटावा लागतो. पुण्यातल्या अंमलदारांनी केला तो बंदोबस्त फुप्फुसाच्या प्लेगचा होता. पुढे उभा होता तो बहुतांशी गाठीचा.

मेच्निकोव्हचा ओदेसा येथला एक विद्यार्थी होता वाल्देमार हाफकिन. कलकत्त्यास पटकीच्या लसीचे काम करून तो १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली व ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सरंजामावर त्याने लस करावयास घेतली. प्लेगचे जंतू मांसरसात वाढवावयाचे होते. त्या रसावर त्याने आपले साधे तूप तरंगत सोडले. तुपाच्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबणाऱ्या झुंबरांसारखे वाढत, मग बाटली हलवून ती झुंबरे पाडावयाची, पुन्हा वाढू द्यावयाची. शेवटी तो रस तापवून जंतू मारले, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, दंड सुजला, व तो बरा झाला. लगेच भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा राजी असलेल्या कैद्यांना टोचण्यात आले. न टोचलेल्यांच्या मानाने त्यांत रोग कमी झाला आणि मृत्यू फारच कमी.

मेलेल्या जंतूंनी जिवंत जंतूंपासून रक्षण कसे होते? जंतूचे कवच व अंगावरच्या खुणा मेल्यानंतरही तशाच राहतात. त्या खुणा पाहून शरीरातील विशिष्ट पेशी त्यांवर नेमकी बसतील अशी प्रतिद्रव्ये घडवू लागतात. ह्या कामास आठवडा-दोन आठवडे लागतात. खऱ्या प्लेगमध्ये तेवढी सवड मिळत नाही, तो चार-पाच दिवसांत निकाल लावतो. लस ही सवड आगाऊ मिळवून देते. शिवाय त्या पेशींपैकी काही मागे उरतात, आणि तोच शत्रू पुन्हा आला तर जुनी ओळख काढून त्वरेने प्रतिद्रव्ये ओततात. कवचामुळे जंतू निसटत होता खरा, परंतु प्रतिद्रव्य त्या कवचालाच चिकटले म्हणजे भक्षक पेशीला धरावयास मूठ मिळते. मात्र ही लस सर्वस्वी अमोघ नव्हती. फुप्फुसाच्या प्लेगपुढे तिचा विशेष उपयोग होत नसे, आणि काही महिन्यांनी तिचा प्रभाव ओसरे.

टोचून घ्यावयास लोक भीत, ह्यात नवल ते काय? ज्या सरकारचे शिपाई काल माजघरात शिरले, त्याच सरकारची सुई आज दंडात घ्यावयाची! मुंबईत आगाखान ह्यांनी आपल्या अनुयायांसमक्ष स्वतःस टोचून घेतले तेव्हा त्यांच्या समाजात विश्वास बसला. हा विश्वास किती नाजूक असतो ते १९०२ साली दिसले. पंजाबातल्या मुलकोवाल गावी टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले; सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला व तो नीट शुद्ध न करता वापरला, असे पुढे निष्पन्न झाले. परंतु दोष हाफकिनच्या माथी बसला, त्यास अधिकारावरून दूर करण्यात आले, आणि तो निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडले. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ साली त्याचे नाव देण्यात आले, ते अजून आहे.

तर मग प्लेग गेला कशाने? लसीने लाखो प्राण वाचविले ह्यात शंका नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सल्फा औषधे व स्ट्रेप्टोमायसिन आली, डी. डी. टी. आले, आणि मरण पुष्कळसे आटोक्यात आले. परंतु साथींचा जोर त्यापूर्वीच उतरणीस लागला होता. ह्याचे एक कारण परळच्या शास्त्रज्ञांना उंदरांतच सापडले. त्यांनी मुंबईचे उंदीर व मद्रासचे उंदीर आणून दोहोंना सारख्याच मात्रेत प्लेगचे जंतू टोचले. मद्रास शहर ह्या साथीतून जवळजवळ सुटलेले होते. तेथले उंदीर बहुतेक मेले. मुंबईचे बहुसंख्य जगले. दर वर्षी साथ येई, दुबळे उंदीर मरत, निसर्गतःच काटक असलेले जगत आणि त्यांची संतती वाढे. वर्षानुवर्षे अशी चाळणी लागून जी जात उरली तिच्यात प्लेगला पसरावयास जागाच राहिली नाही. उंदीर मरेनात, तेव्हा पिसू त्यांना सोडून माणसाकडे येईना! आपल्या बचावाचा काही वाटा गणपतीच्या वाहनाकडे जातो, हे ऐकून कित्येकांस गंमत वाटेल. परंतु ह्याच कारणाने ती सुरक्षितता कायमची समजता येत नाही. साथ नाहीशी झाली की चाळणीही नाहीशी होते, आणि पुढच्या पिढ्यांतील उंदीर पुन्हा दुबळे निपजू शकतात.

जंतू पृथ्वीवरून नष्ट झालेला नाही. देवीचा रोग माणसावाचून जगू शकत नव्हता म्हणून त्याचे उच्चाटन १९८० पर्यंत पुरे झाले. प्लेगचे घर रानातल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत आहे. तेथे तो कोणास न कळत नांदतो, आणि तेथे जाऊन लस टोचणे कोणास शक्य नाही. १९६६ नंतर हिंदुस्थानात बरीच वर्षे खात्रीचा रोगी आढळला नव्हता. १९९४ च्या सप्टेंबरात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची आवई उठली आणि लक्षावधी लोक मिळेल त्या गाडीने पळाले. टेट्रासायक्लीनसारखे स्वस्त औषध वेळेवर घेतले तर हा रोग बरा होतो, हे त्या गर्दीत सांगणार कोण व ऐकणार कोण?

त्याच्या थोडे आधी आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचे रोगी आढळले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर त्या बाजूचे पुष्कळ लोक भयाने घराबाहेर राहू लागले. धान्य घरात राहिले, आणि त्यावर उंदरांची वीण माजली, असा तर्क तपास करणाऱ्यांनी मांडला. गावातून आरोग्यखात्याकडे १९९४ च्या ऑगस्टमध्ये पहिली तक्रार गेली ती पिसवांचा उपद्रव फार वाढल्याची. रोगी त्यानंतर काही आठवड्यांनी दिसू लागले.